आधी पट्टी ठरवा, मग गाणं

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

गॅदरिंगसाठी तुम्ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची सहा इंग्रजी गाणी बसवताय आणि यादी मला पाठवलीस, फार बरं वाटलं. यादी चांगली आहे. पण क्रम चुकलाय, दोन गाण्यांच्या पट्ट्या तुमच्या आवाजांना जड जाणार आहेत आणि एक गाणं सरळ काढून टाकावं असं माझं मत आहे. फोनवर हे नीट सांगून होत नाही म्हणून लिहिते. कीबोर्ड आणि गिटार वाजवणाऱ्यांनाही हे वाचायला दे, कारण निम्मं त्यांच्यासाठीच आहे.

ही गाणी इतकी कानावर पडलेली असतात की ती सोपी वाटतात. ती सोपी नाहीत. त्यातलं प्रत्येक गाणं एकाच जागेवर उभं असतं. ती जागा सापडली आणि ती नीट घेतली, तर बाकी वाद्यमेळ निम्मा असला तरी चालतो. ती हुकली, तर दहा वाद्यं लावूनही लोक टाळ्या वाजवतात पण सोबत गात नाहीत. म्हणून प्रत्येक गाण्यात मी आधी तेवढंच सांगणार आहे.

'बेबी वन मोअर टाइम' तुम्ही शेवटी ठेवलंय. ते पहिलं घ्या. त्याचे सुरुवातीचे तीन स्वर ऐकले की सभागृह जागं होतं आणि असं दार उघडणारं गाणं शेवटाला वाया जातं. हे गाणं स्टॉकहोममधल्या शिरॉन स्टुडिओत 1998 साली तयार झालं. लिहिणारा मॅक्स मार्टिन, निर्मितीत त्याच्याबरोबर रामी याकूब. स्टुडिओ उभा केला होता डेनिझ पॉप या डीजेने, आणि तिथल्या सगळ्या गाण्यांत डीजेचा कान दिसतो: पहिल्या क्षणी माणूस मान डोलावतो की नाही, एवढंच पाहिलेलं. तो बिचारा ऑगस्ट 1998 मध्ये पस्तिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला आणि हे गाणं ऑक्टोबरात बाजारात आलं. जानेवारी 1999 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि ब्रिटनमध्ये त्या वर्षी सर्वांत जास्त खपलेलं सिंगल, म्हणजे सुटं विकलं जाणारं गाणं, हेच. आधी ते टीएलसी या गटासाठी होतं. त्यांनी नाकारलं, मग सोळा वर्षांच्या ब्रिटनी स्पिअर्सकडे आलं.

या गाण्याची जागा म्हणजे ते तीन स्वर आणि त्यांच्यानंतरची मोकळीक. पियानोचा ठोका आणि तालाचा ठोका एकत्र पडतात, मग जागा रिकामी राहते आणि त्या रिकाम्या जागेत आवाज येतो. कीबोर्डवर बसलेल्या कुणालाही ही रिकामी जागा बघवत नाही. तो डाव्या हाताने लांबवलेला स्ट्रिंग्जचा आवाज धरतो आणि गाणं तिथेच मऊ पडतं. त्याला सांग, पहिल्या कडव्यापर्यंत डावा हात मांडीवर ठेव.

पट्टी सी मायनर, म्हणजे हार्मोनियमवरची पांढरी एक. कॉर्ड्स सी मायनर, जी, ई फ्लॅट, एफ मायनर आणि पुन्हा जी. इथे हमखास चूक होते ती जी कॉर्डमध्ये. मायनर पट्टी म्हटल्यावर हात आपोआप जी मायनरवर जातो. तो जी मेजर आहे. गंधार, धैवत कोमल असले तरी त्या कॉर्डात निषाद शुद्ध लागतो आणि सगळी ओढ त्या शुद्ध निषादातच आहे. कोमल नी वाजला की ओळ लोंबकळते, चूक कुठे आहे ते मात्र कुणाला कळत नाही.

लय मिनिटाला 93 ठोके. स्टेजवर ती 100च्या पुढे जाते, कारण उत्साहात सगळेच पळतात. 93ला या गाण्यात एक डौल आहे, 102ला ते कवायतीचं गाणं होतं. ढोल-ताशाच्या पथकात वाढलेल्या मुलाला ऑक्टोपॅडवर बसवलंय म्हणालीस ना? त्याच्या कानात क्लिक, म्हणजे लयीची टकटक, द्या. तो हुशार असेल, तरी द्या.

कडवं खालच्या, जवळजवळ बोलण्याच्या स्वरात आहे. तिथे माइक ओठांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर हवा, म्हणजे आवाजातला खर्ज भरून येतो. कोरसला तो वीतभर लांब ने. आणि माइकची जाळी मुठीत धरायची नाही, व्हिडिओत कितीही छान दिसत असलं तरी. जाळी झाकली की माइक मागच्या बाजूचा आवाजही घेऊ लागतो, मॉनिटरचा, म्हणजे स्टेजवरच्या स्पीकरचा, आवाज परत आत शिरतो आणि शिट्टी वाजते.

शेवटच्या कोरसमध्ये एक सुंदर गोष्ट आहे. आधी एकामागून एक आलेल्या दोन सुरावटी तिथे एकमेकींवर ठेवल्या आहेत: कोरस चालू आहे आणि त्याच्यावरून कोरसच्या आधीची ओळ पुन्हा जाते आहे. हे एकटीने होणार नाही. कोरस तू धर, दुसरी सुरावट दुसऱ्या मुलीला दे आणि तिचा आवाज तुझ्यापेक्षा थोडा खाली ठेवा. बसवताना आधी दोघींनी आपापली ओळ वेगवेगळी कीबोर्डबरोबर म्हणायची, मग तालाशिवाय एकत्र, मग तालासकट. थेट तालासकट सुरू केलंत तर जिचा आवाज मोठा तिच्या ओळीवर दुसरी घसरते.

मॅक्स मार्टिनच्या गाण्यांत आणखी एक शिस्त आहे, ती आपल्याकडच्या अक्षरगणवृत्तासारखी आहे. पहिल्या कडव्याच्या ओळीत जितकी अक्षरं, तितकीच दुसऱ्या कडव्याच्या त्याच ओळीत, त्याच वजनाने. अर्थाला थोडी मुरड पडली तरी चालेल, वजन हलता कामा नये. 'आय वॉन्ट इट दॅट वे'चे शब्द नीट वाचलेस तर कोण कुणाला काय सांगतंय ते धड जुळत नाही. अर्थ स्पष्ट करणारी वेगळी आवृत्तीसुद्धा तयार झाली होती. बॅकस्ट्रीट बॉइजनी मूळचीच ठेवली आणि माझ्या मते अगदी बरोबर केलं. गाताना तुम्ही शब्दांना भाव द्यायला जाऊ नका. स्वर जिथे लांब आहे तिथे तो पूर्ण लांबीचा धरा, ओळीचं शेवटचं अक्षर तोडू नका. तेवढ्याने भाव येतो.

या गाण्याची जागा शेवटी आहे. ते ए मेजरमध्ये चालतं, म्हणजे पांढरी सहा, आणि शेवटच्या कोरसला एक पूर्ण स्वर वर चढून बी मेजरमध्ये, पांढरी सातमध्ये जातं. गाण्याने तोवर राखून ठेवलेलं सगळं त्या एका पायरीत बाहेर येतं. म्हणून पट्टी ठरवताना सुरुवातीची ओळ म्हणून बघू नका. सगळे तीच चूक करतात. आधी चढलेल्या पट्टीतला कोरस म्हणून बघा, तो सगळ्यांना न ओरडता जमला की तिथून एक स्वर खाली उतरून गाणं सुरू करा.

गिटारसाठी: सुरुवातीची फिरणारी तारांची चाल दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ई मायनर, सी, जी या आकारांत वाजते, ऐकू येतात एफ शार्प मायनर, डी आणि ए. शेवटी हेच आकार ठेवायचे तर कॅपो चौथ्या फ्रेटवर हवा आणि गाणं चालू असताना कॅपो सरकवता येत नाही. तुमच्याकडे दोन गिटार आहेत. दुसरीने चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून थांबायचं आणि पट्टी चढली की तिने सुरू करायचं, पहिलीने थांबायचं. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण दोनदा दाबून काम भागवायचा मोह होईल. तसं करू नका. एकतर धरलेला स्वर तुटतो किंवा जुन्याच पट्टीत राहतो, आणि दुसरं म्हणजे पुढच्या गाण्याआधी ते शून्यावर आणायला विसरतात. मग पुढचं गाणं सुरू होतं तेव्हा गिटार एका पट्टीत, कीबोर्ड दुसऱ्या. बी मेजर बोटांनीच शिकून घ्यायला सांग, चार तर कॉर्ड आहेत. चढायच्या आधीचे दोन ठोके एफ शार्प मेजर वाजवला तर गाणाऱ्यांना नवा षड्ज आधीच ऐकू येतो.

तुझ्या मैत्रिणीने विचारलंय की हे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नव्हतं, मग यादीत का? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये मे 1999 मध्ये ते पहिलं होतं. अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर अडकलं, कारण तिथे त्याचं सिंगल दुकानात विकायलाच ठेवलं नव्हतं. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या हॉट 100 यादीत दुकानातला खप आणि रेडिओवरचं वाजणं या दोन्हींची बेरीज असे. कंपन्यांना मात्र लोकांनी एका गाण्याऐवजी आख्खा अल्बम विकत घ्यावा असं वाटे, म्हणून त्या गाजणारं गाणं सुटं विकत नसत. आणि 5 डिसेंबर 1998च्या अंकापर्यंत नियम असा होता की सुटं विकायला नसलेलं गाणं यादीतच घ्यायचं नाही. त्यामुळे नो डाउटचं 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या यादीत 16 आठवडे पहिलं राहूनही हॉट 100मध्ये कधीच दिसलं नाही. गू गू डॉल्सचं 'आयरिस' रेडिओवर 18 आठवडे पहिलं होतं. नियम बदलला तेव्हा त्याची लाट ओसरत आली होती, तरी ते नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्या चार-पाच वर्षांची नुसती 'नंबर वन' यादी बघून गाणी निवडलीत तर लोकांना तोंडपाठ असलेली निम्मी गाणी हातून सुटतील.

म्हणूनच सांगते, 'लिव्हिन ला विदा लोका' काढा आणि 'टॉर्न' घ्या. रिकी मार्टिनचं गाणं मला मनापासून आवडतं. टेपचा वापर न करता संपूर्ण संगणकावर मुद्रित आणि मिक्स होऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं, 1999 साली पाच आठवडे तिथे होतं. पण लय 178 आहे आणि त्याचा सगळा जीव ब्रासमध्ये आहे. कीबोर्डवरचा ट्रम्पेटचा आवाज इतक्या वेगाला पातळ लागतो. खरे दोन ट्रम्पेट आणि एक ट्रॉम्बोन मिळाले तरच त्याच्या वाटेला जा.

'टॉर्न' रेडिओच्या यादीत 11 आठवडे पहिलं होतं. नताली इम्ब्रुलियाने 1997 साली गायलं, पण गाणं त्याआधीचं: 1993मध्ये डॅनिश भाषेत निघालं होतं आणि एडनास्वॅप या अमेरिकन बँडनेही ते केलं होतं. लय 96, पट्टी एफ मेजर, पांढरी चार. गिटारला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो: कडव्याला डी, एफ शार्प मायनर, जी आणि कोरसला डी, ए, बी मायनर, जी. याची जागा कोरसच्या पहिल्या ओळीत आहे. ती तक्रारीसारखी नाही, थकल्यासारखी म्हणायची. जोर लावलास की बिघडलं. याहून जास्त त्यात काही करू नका.

'माय हार्ट विल गो ऑन'बद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण सगळ्यांत जास्त गळे इथेच फाटतात. जेम्स हॉर्नरचं संगीत, विल जेनिंग्जचे शब्द. सेलिन डिऑनचं हे गाणं फेब्रुवारी 1998 मध्ये अमेरिकेत पहिलं आलं. सुरुवात ई मेजरमध्ये, पांढरी तीन. शेवटच्या कोरसला ते ए फ्लॅटमध्ये उडी मारतं, काळी चार. पॉपमध्ये पट्टी चढते ती बहुतेक वेळा अर्धा किंवा एक स्वर. इथे चार अर्धस्वर आहेत आणि गाण्याची जागा तीच.

ही उडी कशी पकडायची ते नीट वाच. जुन्या पट्टीचा शुद्ध गंधार हाच नव्या पट्टीचा षड्ज आहे. तू शास्त्रीय शिकली आहेस, तुला हे सोपं जाईल: उडीच्या आधीच्या शांत भागात मनात ग धरून ठेव आणि ताल आला की त्यालाच सा म्हण. कीबोर्डची वाट बघितलीस तर अर्धी ओळ शोधण्यात जाते आणि सुरुवातीचा स्वर खालून ओढत आणावा लागतो.

मूळ पट्टीत वरचा टोकाचा स्वर तारसप्तकातला ई फ्लॅट आहे, म्हणजे वरची काळी दोन. तुझा आवाज वरच्या सीपर्यंत मोकळा आहे, त्याच्यावर आवळतो. तेव्हा गाणं तीन अर्धस्वर खाली घ्या: सुरुवात काळी एक, उडीनंतर पांढरी चार, टोकाचा स्वर बरोबर वरचा सी. पहिलं कडवं थोडं खाली जाईल, जाऊ दे. ते तसंही हळू म्हणायचं आहे. कुणीतरी 'ओरिजिनल स्केल'चा आग्रह धरेल. त्याला सरळ नाही म्हण. ऐकणाऱ्यांतल्या कुणाच्याही हातात हार्मोनियम नसते.

सुरुवातीला जी शिट्टीसारखी सुरावट आहे ती टिन व्हिसलची. बासरीवर ती छान होते, फक्त वाजवणाऱ्याला सांगा की मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, नको. दोन स्वरांच्या मध्ये लहानसा कण लावून पुढे जायचं, स्वर सरळ ठेवायचा, आंदोलन नाही. मींड घेतली की ते लगेच वेगळ्याच सिनेमातलं वाटतं.

आता 'बिलीव्ह', ज्याच्यासाठी तू लॅपटॉप स्टेजवर नेणार आहेस. शेर तेव्हा 52 वर्षांची होती. ऑक्टोबर 1998 मध्ये गाणं आलं, ब्रिटनमध्ये सात आठवडे आणि पुढे अमेरिकेत चार आठवडे पहिलं. पट्टी एफ शार्प मेजर, काळी तीन. लय 133 आणि किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा आवाज, प्रत्येक ठोक्यावर. तिथे ऑक्टोपॅडवाल्याने कलाकुसर करायची नाही.

त्या गाण्यातला आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर पायरीसारखा तुटतो, तो ऑटो-ट्यूनचा परिणाम. हे सॉफ्टवेअर अँटारेस कंपनीने 1997मध्ये काढलं. बनवणारा अँडी हिल्डेब्रँड पूर्वी तेलशोधाच्या कामात होता. जमिनीत लहरी सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनींवरून थर ओळखायचे, त्यासाठी लागणारं गणित त्याने गळ्याला लावलं. लहरीची तिच्याच थोड्या सरकवलेल्या प्रतीशी तुलना करत जायचं. जिथे दोन्ही जुळतात तिथे आवर्तनाचा काळ मिळतो आणि त्यावरून स्वर. मग तो स्वर जवळच्या शुद्ध स्वरावर नेऊन ठेवायचा. किती वेळात नेऊन ठेवायचा, ते 'रीट्यून स्पीड' ठरवतं. बेसूरपणा लपवायचा असेल तर वेळ जास्त द्यायचा, म्हणजे कुणाला कळत नाही. मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग या निर्मात्यांनी तो शून्यावर नेला. नंतर 'साउंड ऑन साउंड' मासिकाला त्यांनी सांगितलं की हा व्होकोडर पेडलचा परिणाम आहे. युक्ती आपल्याकडेच राहावी म्हणून.

तू करताना असं कर. ऑटो-ट्यूनचं प्लगइन साखळीत सुरुवातीलाच ठेव (त्याच्या आधी फक्त नॉइज गेट, ते पुढे सांगते), रिव्हर्ब (घुमणं) आणि डिले (प्रतिध्वनी) त्याच्यानंतर. रिव्हर्ब आधी आला तर मागच्या स्वराचं शेपूट आणि पुढचा स्वर एकत्र आत जातात, सॉफ्टवेअर गोंधळतं आणि आवाज घशात अडकल्यासारखा येतो. पट्टी एफ शार्प मेजर दे; क्रोमॅटिक, म्हणजे बाराही स्वर, ठेवलंस तर ते नको त्या अर्धस्वरावरही थांबतं. रीट्यून शून्य, ह्युमनाइझ शून्य. मग गा. आणि इथे बहुतेक जण निराश होतात, कारण काहीच वेगळं ऐकू येत नाही. कारण साधं आहे: तू प्रत्येक स्वर नेमका लावलास तर दुरुस्त करायला काही उरतच नाही. परिणाम दिसतो तो स्वरांच्या मधल्या प्रवासात. तेव्हा त्या ठराविक शब्दांवर मुद्दाम मींड घे, एका स्वरावरून दुसऱ्यावर सावकाश घसर. सॉफ्टवेअर त्या घसरणीच्या पायऱ्या करतं. तुझ्या गळ्यातली मींड तयार आहे, त्यामुळे तुझ्यावर हा परिणाम फार सुरेख होईल. रुंद कंप मात्र टाळ, नाहीतर आवाज शेजारच्या दोन स्वरांत फडफडतो.

आख्ख्या गाण्यावर ते चालू ठेवू नकोस. गाण्याची जागा हीच आहे की साधा माणसाचा आवाज चालू असताना अचानक दोन-तीन शब्द काचेसारखे होतात आणि परत माणसाचे होतात. कडव्यातल्या मोजक्या शब्दांवर ऑटोमेशनने चालू-बंद कर. ते हाताने करणार असशील तर पायाखालच्या स्विचवर घे, माउसवर नको.

स्टेजवर दोन अडचणी येतील. पहिली, आवाज उशिरा येणं. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा घेतो ते, 128 सॅम्पल्सवर ठेव, 44.1 किलोहर्ट्झला ते सुमारे 2.9 मिलिसेकंद होतात. जाताना-येताना मिळून थोडं वाढेल, तरी चालतं. 1024वर राहिलं तर एका फेरीलाच 23 मिलिसेकंद जातात आणि तू स्वतःच्याच आवाजामागे धावशील. दुसरी, तुझ्या माइकमध्ये शिरणारा ड्रमचा आवाज. सॉफ्टवेअरला एकच गळा कळतो. झांजेचा आवाज आत गेला की ते भलताच स्वर ओळखतं. ऑक्टोपॅडचा स्पीकर तुझ्यापासून लांब, माइक ओठांना जवळजवळ लावून आणि प्लगइनच्या आधी बारीक आवाज अडवणारं नॉइज गेट, एवढं पुरतं.

'ब्रिमफुल ऑफ आशा' तुम्ही घेतलंत याचा मला सगळ्यांत जास्त आनंद आहे. कॉर्नरशॉप हा ब्रिटनमधला बँड, गाणं तजिंदर सिंगचं. आशा म्हणजे आपल्या आशाताई, सांगलीत जन्मलेल्या. गाण्यात लताबाई आणि रफी येतात, ऑल इंडिया रेडिओ आणि टू-इन-वनही येतात. 1997मध्ये मूळ गाणं ब्रिटनच्या यादीत 60व्या क्रमांकावर जाऊन थांबलं. नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, याने त्याचा वेग वाढवला, खाली जाड ताल घातला आणि फेब्रुवारी 1998मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. वेग वाढवताना सूरही चढला. तबकडी किंवा टेप जोरात फिरवली की दोन्ही एकत्र वाढतात. वेग साधारण 6 टक्के वाढला की सूर अर्धा स्वर चढतो. मूळ आणि रीमिक्स एकामागून एक ऐक, फरक लगेच कळेल. तुम्ही रीमिक्सची चाल धरा. ढोलकी घालायचीच असेल तर सहांपैकी फक्त याच गाण्यात, साधा कहरवा, आणि तीही दुसऱ्या कडव्यापासून. गाण्याची जागा ती एकच ओळ आहे जी पुन्हा पुन्हा येते. ती लोकांकडून म्हणवून घ्या, माइक त्यांच्याकडे धरा.

हाच 6 टक्क्यांचा हिशोब तालमीतही लागेल. इंटरनेटवर चढवलेल्या कित्येक प्रती मूळ वेगाच्या नसतात. ओळखल्या जाऊ नयेत म्हणून कुणी मुद्दाम सूर हलवलेला असतो, काही जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या असतात आणि कॅसेटचा वेग कमीजास्त झालेला असतो. म्हणून ऐकून पट्टी काढण्याआधी फोनमधल्या ट्यूनरवर पहिला लांब स्वर तपासा. काटा दोन स्वरांच्या मध्येच राहिला तर ती प्रत सोडा, अधिकृत प्रत घ्या. गिटारवालीने अशा प्रतीला जुळवून तारा लावल्या आणि कीबोर्ड नेहमीच्या 440 हर्ट्झच्या सुरावर राहिला, तर तुम्ही अख्खा तास भांडत बसाल.

तयार ट्रॅक वापरणार असाल तर पट्टी चढते ते ट्रॅकमध्ये आहे की नाही, हे विकत घेण्याआधी शेवटपर्यंत ऐकून बघा. स्वस्त ट्रॅकमध्ये शेवटचा कोरस जुन्याच पट्टीत ठेवलेला असतो. डिले लावायचा असेल तर 60,000 भागिले लय, इतके मिलिसेकंद: 'बेबी'च्या 93ला 645, 'आय वॉन्ट इट दॅट वे'च्या 99ला 606.

क्रम मी असा सुचवते. 'बेबी', मग 'टॉर्न', मग गळा तापलेला पण थकलेला नाही तोवर 'माय हार्ट'. त्यानंतर 'ब्रिमफुल', म्हणजे गाताना तुला विसावा मिळतो आणि त्याच वेळात कुणीतरी लॅपटॉप तपासतो. मग 'बिलीव्ह', आणि शेवटी 'आय वॉन्ट इट दॅट वे', सगळ्यांनी मिळून. सगळी पूर्ण वाजवलीत तर साधारण पंचवीस मिनिटं होतात. वीसच मिळाली तर 'टॉर्न'च्या शेवटचा वाद्यांचा भाग आणि 'ब्रिमफुल'मधली एक फेरी कापा. 'माय हार्ट'चं दुसरं कडवं कापायला कुणीतरी सांगेल, ते कापू नका. त्याच्याशिवाय ती उडी अंगावर आल्यासारखी वाटते.

पहिल्या दोन तालमी माइकशिवाय करा आणि आख्खी गाणी म्हणू नका. फक्त सांधे म्हणा: कडव्यातून कोरसमध्ये जायची जागा, पट्टी चढायची जागा, शेवट. गाणं मोडतं ते तिथेच, मधल्या ओळी तर सगळ्यांना येतातच. पट्ट्या आणि लयी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून कीबोर्डच्या स्टँडला चिकटवा, आणि बासरीवाल्याला आजच कळव की त्याने पांढरी तीनची नव्हे, काळी एकची बासरी आणायची आहे.

तुझी,
आई